प्रश्नाला दोन रात्री द्या

दोन तासांची म्हणून बोलावलेली स्प्रिंट प्लॅनिंगची बैठक चार तास चालते, हे हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या माणसाला नव्यानं सांगायला नको. चित्र साधारण ठरलेलं असतं. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘पीओ’, जिरा उघडतो आणि पहिल्या स्टोरीचं शीर्षक वाचतो. कुणीतरी विचारतं, हे जुन्या ग्राहकांनाही लागू आहे का? पीओ म्हणतो, क्लायंटला विचारतो. दुसरा विचारतो, स्क्रीनचं डिझाइन फायनल झालंय का? डिझायनरला जोडून घेतलं जातं, तो दुसऱ्या कॉलवर असतो. तिसरा म्हणतो, याला दुसऱ्या टीमची एपीआय लागणार, ती कधी मिळणार? आता सगळेच गप्प. असं सात-आठ स्टोरींचं झालं की जेवणाची वेळ टळून गेलेली असते. मग दमलेली माणसं दमलेली माणसं जे करतात तेच करतात. ‘पाच पॉइंट टाका, बघू नंतर’ म्हणून स्टोरी स्प्रिंटमध्ये ढकलतात. पंधरा दिवसांनी तीच स्टोरी ‘स्पिल ओव्हर’ म्हणून पुढच्या स्प्रिंटमध्ये येते, तेव्हा खापर फुटतं ते चुकलेल्या अंदाजावर.

अंदाज चुकला हे खरंच. पण दुखणं त्याच्या आधीचं आहे. ते प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदा विचारले गेले. प्लॅनिंगच्या टेबलावर पहिल्यांदा निघालेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळच शिल्लक नसतो, कारण काम उद्या सुरू व्हायचं असतं. पंगत बसल्यावर तांदूळ निवडायला घेतल्यासारखं ते आहे. निवडणं आधी व्हायला हवं, आणि या निवडण्याला स्क्रमच्या जगात ‘बॅकलॉग रिफाइनमेंट’ म्हणतात. पुण्यातल्या बऱ्याच टीम अजून जुन्या सवयीनं ‘ग्रूमिंग’ म्हणतात. आमंत्रण त्याच नावानं येतं आणि त्याच नावानं रद्दही होतं.

रद्द होतं, यातच बरंचसं आलं. कॅलेंडरमधली सगळ्यात आधी बळी जाणारी बैठक हीच. स्टँडअप कुणी रद्द करत नाही, रिव्ह्यूला क्लायंट असतो म्हणून तोही नाही. रिफाइनमेंट मात्र ‘या आठवड्यात रिलीज आहे’ एवढ्या कारणावर उडते. तिचं नाव स्क्रमच्या नियमांच्या यादीत नसणं हेही त्याचं एक कारण असावं.

ती यादी कशी तयार झाली ते थोडक्यात पाहू. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी जानेवारी १९८६च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवी वस्तू कशी घडवतात, हा त्याचा विषय. एका खात्यानं काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, या रिले शर्यतीऐवजी सगळ्यांनी मिळून रग्बीसारखा चेंडू पुढे न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. ‘स्क्रम’ हा शब्द तिथून आला. जेफ सदरलंड यांनी १९९३मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये या नावानं पहिली टीम चालवली, १९९५मध्ये केन श्वेबर यांच्या बरोबरीनं ती पद्धत ‘ऊप्सला’ परिषदेत मांडली गेली, आणि फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी ‘अ‍ॅजाइल’चा जाहीरनामा लिहिला. श्वेबर आणि सदरलंड दोघेही त्यात होते.

पुढे २०१०मध्ये या दोघांनी ‘स्क्रम गाइड’ काढलं. त्याच्या आवृत्त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की आपल्या विषयाची गंमत कळते. स्प्रिंट, प्लॅनिंग, डेली स्क्रम, रिव्ह्यू आणि रेट्रोस्पेक्टिव्ह हे पाच प्रसंग त्यात नेमून दिले आहेत, पण रिफाइनमेंट त्यांत नाही. ती सतत चालणारी क्रिया आहे, एवढंच म्हटलं आहे. आधीच्या आवृत्त्यांत एक आकडा होता: टीमच्या क्षमतेच्या साधारण १० टक्क्यांहून जास्त वेळ यात जाऊ नये. २०२०च्या आवृत्तीत तोही काढून टाकला. म्हणजे कधी करायचं, किती वेळ करायचं, कुणी बसायचं, हे सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं. तेरा पानांच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त अपेक्षा धरणं चूक, पण कॉर्पोरेट ऑफिसात नेमून न दिलेली गोष्ट म्हणजे ऐच्छिक गोष्ट, आणि ऐच्छिक म्हणजे पुढच्या आठवड्यात.

तो जुना आकडा आजही कामाचा आहे असं मला वाटतं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये माणशी कागदावरचे ८० तास धरले, तर १० टक्के म्हणजे आठ तास. बहुतेक टीमना याच्या निम्मे पुरतात. प्लॅनिंगसाठी गाइडनं महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त आठ तास दिले आहेत. स्प्रिंट लहान असेल तर सहसा त्याहून कमी. दोन आठवड्यांना चार तास म्हणजे वरची हद्द झाली, आणि रिफाइनमेंट नीट झालेली टीम दोन तासांच्या आत उठते. रिफाइनमेंटचे तास वाचवणारी टीम ते प्लॅनिंगमध्ये भरते आणि उरलेले स्प्रिंटच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री जागून.

आता मुद्द्याचं. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअरच्या कामाचा मोठा भाग परदेशी ग्राहकांसाठी चालतो. प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो माणूस न्यू जर्सीत किंवा शिकागोत बसलेला असतो. इथला पीओ पुष्कळदा खरा पीओ नसतोच. तो ‘प्रॉक्सी’ असतो, निरोप पोहोचवणारा. तेव्हा इथे रिफाइनमेंट कधी ठेवायची हा प्रश्न आधी घड्याळाचा आहे.

हिशेब साधा आहे. उन्हाळी वेळ चालू असताना न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतलं घड्याळ एक तास मागे जातं, आणि तीच साडेसातची बैठक साडेआठवर जाते. शिकागोतल्या सकाळी दहाची बैठक असेल तर साडेनऊवर. म्हणजे दिवाळी आटोपून माणूस कामावर परतावा आणि त्याच सुमाराला जेवणाच्या ताटावर लॅपटॉप उघडायची वेळ यावी. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा सासू-सासरे आजारी आहेत, ती माणसं बैठकीला कॅमेरा बंद ठेवून बसतात, आणि कॅमेऱ्यामागची व्यक्ती प्रश्न विचारत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुन्हा पुढे जातं. वर्षातून दोनदा होणारा हा बदल हमखास ठाऊक असतो, तरी दर वेळी पहिल्या बैठकीला दोघे-तिघे एक तास आधी येऊन बसलेले असतात किंवा एक तास उशिरा उगवतात.

बैठकीबाहेरचा प्रश्न कसा प्रवास करतो तेही पाहा. पुण्यातून दुपारी तीनला विचारलेला प्रश्न तिकडचा माणूस त्याच्या सकाळी वाचतो. तोवर इथे माणसं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतात. उत्तर इथे वाचलं जातं दुसऱ्या सकाळी. ही एक रात्र. पण धड प्रश्न असेल तर तिकडच्या माणसालाही उत्तर ठाऊक नसतं. त्याला कायदा विभागाला किंवा हिशेबाच्या विभागाला विचारावं लागतं. ही दुसरी रात्र. म्हणून माझं मत असं, की रिफाइनमेंट आणि प्लॅनिंग यांच्यात कामाच्या किमान दोन रात्री हव्यातच, आणि तीन-चार मिळाल्या तर उत्तम. प्लॅनिंगच्या आदल्या संध्याकाळी ठेवलेली रिफाइनमेंट ही रिफाइनमेंट नव्हे. ते प्लॅनिंगच, फक्त उपाशीपोटी केलेलं.

बुधवारी सुरू होणारा दोन आठवड्यांचा स्प्रिंट घ्या. (सोमवारी प्लॅनिंग ठेवणाऱ्यांनी जोडून आलेल्या सुट्ट्यांचा अनुभव आठवावा.) बुधवारचं प्लॅनिंग, गुरुवार-शुक्रवार काम रुळावर यायला. पहिली रिफाइनमेंट चौथ्या दिवशी, सोमवारी, तासाभराची. दुसरी सातव्या दिवशी, गुरुवारी, तेवढीच. त्यानंतर शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस प्रश्नांच्या प्रवासाला मिळतात, आणि मंगळवारी रिव्ह्यू-रेट्रो उरकून बुधवारी प्लॅनिंगला बसता येतं. दुसरी बैठक आठव्या-नवव्या दिवशी ढकलली, तर ती टेस्टिंगच्या गर्दीत सापडते आणि टेस्टर तिला येत नाहीत. आणि टेस्टर नसलेली रिफाइनमेंट अर्धीच.

टेस्टरचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. समजा, बसची तिकिटं विकणारं एक अ‍ॅप आहे. बॅकलॉगमध्ये स्टोरी आहे: ‘प्रवासी म्हणून मला तिकीट रद्द करून पैसे परत मिळवता यावेत.’ वाचायला सोपी, कुणीही मान डोलवेल. डेव्हलपर म्हणतो, तीन दिवसांचं काम. टेस्टर विचारायला लागते. एका तिकिटावर तीन प्रवासी आहेत आणि एकालाच रद्द करायचंय, मग? त्यातला एक ज्येष्ठ नागरिक, सवलतीचा. त्याचे किती परत? बस सुटायला दहा मिनिटं असताना रद्द केलं तर? बस सुटल्यावर? बस कंपनीनंच रद्द केली तर प्रवाशानं बटण दाबायचं की पैसे आपोआप जायचे? ज्या कार्डानं पैसे भरले ते आता बंद झालं असेल तर? निम्मे पैसे कूपननं भरले असतील तर कूपनही परत?

दहा मिनिटांत सोपी स्टोरी सात-आठ स्टोरींची झाली, आणि तीन दिवसांचा अंदाज हवेत विरला. हेच हवं आहे. या क्षणी कुणीतरी नाकं मुरडून ‘तुम्ही फार खोलात जाता’ म्हणतं. खोलात आता गेलो नाही, तर ग्राहक-सेवा केंद्रातला फोन वाजेल तेव्हा जावंच लागेल.

मग ती फोडायची. इथे एक जुनी खोड आड येते. अनेक टीम स्टोरी आडवी कापतात: एक डेटाबेसची, एक एपीआयची, एक स्क्रीनची. तिन्ही संपेपर्यंत वापरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही, आणि रिव्ह्यूत दाखवायला टेबलाची रचना उरते. उभी कापली तर पहिला तुकडा असा: अख्खं तिकीट, बस सुटण्याच्या पुरेसं आधी, पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत. एवढंच करून सोडलं तरी प्रवाशांच्या मोठ्या भागाचं काम होईल. दुसरा तुकडा, तिघांतला एक. तिसरा, कंपनीनं बस रद्द केल्यावर आपोआप परतावा. कूपनचं नंतर बघू, आणि कदाचित कधीच नाही. बिल वेक यांनी २००३मध्ये चांगल्या स्टोरीचे सहा गुण इन्व्हेस्ट या अक्षरांत बसवले. प्रशिक्षणांत ते पाठ करून घेतात. त्यांतले दोन लक्षात ठेवले तरी पुष्कळ झालं: तुकडा लहान हवा आणि तो तपासता यायला हवा.

हे सगळं दहा जणांनी मिळून करायची गरज नाही. पीओ, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर अशा तिघांनी आधी बसायचं, याला ‘थ्री अमिगोज’ म्हणतात. मॅट वीन यांची ‘एक्झाम्पल मॅपिंग’ नावाची एक युक्ती त्यात छान बसते. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर प्रत्येक नियमाचं उदाहरण, आणि उत्तर नसलेला प्रत्येक प्रश्न लाल कार्डावर. पंचवीसेक मिनिटांत थांबायचं. टेबलावर लालच लाल दिसलं तर स्टोरी तयार नाही. निळी कार्डं फार झाली तर ती फार मोठी आहे. वाद घालायला जागाच राहत नाही, रंग सांगतात. लाल कार्डं त्याच संध्याकाळी न्यू जर्सीला रवाना. मग गुरुवारच्या बैठकीत सगळी टीम बसेल तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतली चाचपड वाचते. मात्र ती मोठी बैठक टाळून तिघेच सगळं ठरवू लागले, तर उरलेले सात जण प्लॅनिंगला पुन्हा पाहुणे म्हणून येतात.

पॉइंटांबद्दल थोडं कडू बोलायला हवं. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२मध्ये ‘प्लॅनिंग पोकर’ लिहून काढलं आणि माइक कोहन यांच्या पुस्तकानं ते जगभर नेलं. प्रत्येकानं पत्ता एकाच वेळी उलटायचा, म्हणजे सीनिअरचा आकडा पाहून ज्युनिअरनं आपला बदलायला नको. आपल्याकडे, जिथे ‘सर काय म्हणतात’ याकडे डोळे लागलेले असतात, तिथे ही युक्ती फारच मोलाची. एकानं ३ आणि दुसऱ्यानं १३ टाकला, तर त्या दोघांनी बोलावं, हा त्यातला खरा गाभा. त्या बोलण्यात लपलेलं काम बाहेर येतं. आणि म्हणूनच त्याची जागा रिफाइनमेंटमध्ये आहे. तिथे १३ आला तर स्टोरी फोडायला अवधी असतो. प्लॅनिंगला आला तर सरासरी काढून ८ टाकतात.

पण सर्व्हिस कंपन्यांत पॉइंटांचं जे झालंय ते पाहवत नाही. एक पॉइंट म्हणजे एक दिवस, माणशी आठ पॉइंट, महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये कुणी किती ‘जाळले’ याची यादी. पॉइंटांचे जनक समजले जाणारे रॉन जेफ्रीझ यांनीच, आपण ते शोधले असतील तर त्याबद्दल आता खेद वाटतो, अशा अर्थाचं जाहीर लिहिलं आहे. त्यांनी खेद व्यक्त केला. आपल्याकडच्या डिलिव्हरी मॅनेजरांनी डॅशबोर्ड बनवला.

याच्या उलट टोकाचा आजारही आहे, आणि शिस्तप्रिय टीमना तोच जडतो. रिफाइनमेंट इतकी की पुढच्या सहा महिन्यांच्या स्टोरी अटी-शर्तींसह लिहून तयार. त्यासाठी ‘प्री-ग्रूमिंग’ची बैठक, तिच्या तयारीची आणखी एक. हे म्हणजे ज्या पद्धतीला कंटाळून अ‍ॅजाइल आलं, आधी सगळं लिहा आणि मग सगळं बनवा, तीच मागच्या दारानं घरात घेणं. लिहून ठेवलेली स्टोरी शिळी होते: नियम बदलतो, स्पर्धक वेगळं काही आणतो, ज्यानं ती समजून घेतली तो नोकरी बदलून जातो. पुण्यात हे शेवटचं कारण एकटंच पुरेसं आहे. पुढच्या दीड-दोन स्प्रिंटपुरतं काम तयार ठेवावं आणि त्यापलीकडच्या गोष्टींना एका ओळीवर राहू द्यावं. मेरी आणि टॉम पॉपेंडीक यांनी सॉफ्टवेअरच्या जगात रुजवलेलं एक तत्त्व इथे लागू पडतं: निर्णय शक्य तितका उशिरा घ्या, पण वेळ निघून जाण्याआधी घ्या.

‘डेफिनिशन ऑफ रेडी’चीही तीच गत. स्टोरी तयार केव्हा म्हणायची, याची ही चौकट. स्क्रम गाइडमध्ये ती नाही. तिथे एवढंच आहे, की एका स्प्रिंटमध्ये पुरी होऊ शकेल ती स्टोरी निवडायला योग्य. टीमनं स्वतःला आठवण म्हणून चार ओळी लिहिल्या तर बिघडत नाही. पण ग्राहक आणि कंत्राटदार यांच्यात अविश्वास असेल तर त्या चार ओळींचा करार होतो. ‘डिझाइन जोडलेलं नव्हतं, म्हणून आम्ही सुरू केलं नाही’ हे वाक्य पुढच्या भांडणासाठी जपून ठेवलं जातं. एखाद्या लाल कार्डाचं उत्तर गुरुवारी नक्की येणार असेल आणि काम त्यावर अडणार नसेल, तर ती स्टोरी खुशाल घ्यावी. आणि तंत्रच नीट माहीत नसेल, तर ‘स्पाइक’ म्हणून दीड-दोन दिवस शोधाला ठेवावेत, अंदाजाचं नाटक करू नये.

एवढं झाल्यावर प्लॅनिंगला उरतं काय? जे तिथेच व्हायला हवं ते. २०२०च्या गाइडनं त्याचे तीन भाग केले आहेत: हा स्प्रिंट कशासाठी, त्यात काय घ्यायचं, आणि ते कसं करायचं. पहिला भाग बहुतेक टीम गाळतात आणि स्प्रिंटचं ध्येय म्हणून ‘सगळ्या स्टोरी पूर्ण करणे’ असं लिहितात. हे लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडलेली बरी. ‘काय’ ठरवताना माणसं मोजावी लागतात. दिवाळीचा स्प्रिंट असेल तर निम्मी टीम लातूर, कोल्हापूर, नांदेडला असते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि तो अख्खा आठवडा उत्तरं मिळत नाहीत. रजांचा तक्ता आधी उघडावा, मागच्या तीन स्प्रिंटची सरासरी नंतर. आणि ‘कसं’ला निदान तास द्यावा, कारण डेव्हलपरांना एकमेकांशी खऱ्या अर्थानं बोलायचं असतं ते तिथेच.

स्वतःच्या टीममध्ये घोटाळा कुठे आहे हे तपासायला सल्लागार आणायची गरज नाही. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये ‘स्पिल’ झालेल्या स्टोरी काढा आणि प्रत्येकीवर पहिला प्रश्न कोणत्या तारखेला विचारला गेला ते बघा. ती तारीख प्लॅनिंगच्या नंतरची निघाली, तर गुरुवारच्या बैठकीचं आमंत्रण आजच पाठवा आणि त्यात टेस्टरचं नाव घाला. तारखा शोधायला फार वेळ लागणार नाही. प्रश्न कॉमेंटमध्ये विचारला असेल, तर जिरामध्ये तो मिनिटासकट नोंदलेला असतो.